एडीसीच्या अलीकडे

हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, गप्पांत सध्या एक मुद्दा वादाचा उरलाच नाही, असं धरून चाललं जातं. रिसीव्हरचा प्रश्न डिजिटलने निकालात काढला म्हणे. अँटेनाची केबल एडीसीला, म्हणजे ॲनालॉगचं डिजिटल करणाऱ्या चिपला जोडायची. पुढचं सगळं गणित. मिक्सर, क्रिस्टल फिल्टर, आयएफ ट्रान्सफॉर्मर हे सगळं आजोबांच्या काळातलं. परवाना नुकताच हातात पडलेला माणूस पहिला रिग घेताना दोनच गोष्टी विचारतो: एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअर रेडिओ, आहे ना, आणि किती बिटचा?

या मताला इतिहासही साथ देतो. केनवूडच्या टीएस-८७० मध्ये १९९५ साली आयएफ पातळीवर डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, आलं. २००२ मध्ये जेराल्ड यंगब्लड यांनी ‘क्यूईएक्स’ या नियतकालिकात सॉफ्टवेअर रेडिओवर लेखमाला लिहिली आणि तिच्यातून एसडीआर-१००० उभा राहिला. २०१२ च्या सुमारास टीव्ही पाहण्यासाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी डोंगलमधून कच्चे नमुने बाहेर काढता येतात हे लक्षात आलं, आणि कॉलेजच्या पोरांच्या लॅपटॉपवर वॉटरफॉल वाहू लागले. २०१६ मध्ये आयकॉमचा आयसी-७३०० बाजारात आला आणि थेट सॅम्पलिंग मध्यमवर्गीय शॅकच्या टेबलावर येऊन बसलं. वीसेक वर्षांत एवढी मजल मारल्यावर निकाल लागलाच, असं कुणालाही वाटेल.

पूर्वपक्षाचं म्हणणं नीट मांडायचं तर त्यात तीन दावे आहेत. पहिला, डीएसपीमुळे अधिक क्षीण सिग्नल ऐकू येतात, अगदी नॉइजच्या खालचेसुद्धा. दुसरा, बिट वाढले की बलवान सिग्नल पचवण्याची ताकद आपोआप वाढते. तिसरा, बँडवरचा कचरा सॉफ्टवेअर धुऊन काढतं. हे तिन्ही दावे मला मान्य नाहीत. डीएसपी निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही; ते ज्या कामात खरोखर जिंकलं ते काम निराळंच आहे, एवढंच. आणि हरण्या-जिंकण्याचा पुष्कळसा भाग एडीसीच्या अलीकडे, म्हणजे तार, कॉइल, कपॅसिटर आणि फिल्टर यांच्या मुलखात आजही ठरतो.

पहिल्या दाव्यापासून सुरुवात करू. रिसीव्हरची संवेदनशीलता मोजायची पट्टी पदार्थविज्ञानाने ठरवून दिली आहे. खोलीच्या तापमानाला कुठल्याही रोधातून दर हर्ट्झमागे -१७४ डीबीएम इतका उष्मीय नॉइज निघतो. एसएसबीसाठी लागणाऱ्या २४०० हर्ट्झच्या खिडकीत तो सुमारे -१४० डीबीएम होतो. रिसीव्हर स्वतःची भर घालतो. नॉइज फिगर १५ डीबी धरली, जी कुणी मिरवावी अशी नाही, तर रिसीव्हरचा तळ -१२५ वर येतो. आता अँटेनातून काय येतं ते पाहा. आयटीयूच्या पी.३७२ या शिफारशीत निवासी भागासाठी मानवनिर्मित नॉइजचं जे मध्यक मूल्य दिलं आहे, त्यानुसार ७ मेगाहर्ट्झवर बाहेरचा नॉइज उष्मीय पातळीच्या ४९ डीबी वर असतो. म्हणजे त्याच खिडकीत -९१ डीबीएम. एस-मीटरच्या भाषेत सुई एस-६ वर टेकलेली, आणि अजून कुणी बोललेलंही नाही.

रिसीव्हरचा तळ -१२५ आणि बँडचा तळ -९१. मधलं अंतर ३४ डीबी. या रिसीव्हरच्या जागी आदर्श, स्वतःचा शून्य नॉइज असलेला रिसीव्हर आणून ठेवला तर फरक एका डीबीच्या शंभराव्या भागाइतकाही पडणार नाही. शहर सोडून अगदी शांत माळरानावर गेलात, तिथे पी.३७२ च्याच हिशेबाने ७ मेगाहर्ट्झवरचा नॉइज -१११ च्या आसपास असतो, तरी फायदा पाव डीबीच्या आतच. चाळीस मीटरवर, म्हणजे याच ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, कुठलाही धडका रिसीव्हर, त्यात व्हॉल्व्ह असोत की प्रोसेसर, गरजेपेक्षा जास्त संवेदनशील आहे. पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. रिसीव्हर चालू ठेवून अँटेनाचा कनेक्टर काढा. खरखर ठळकपणे खाली बसली तर तुमच्या कानाला जी मर्यादा पडते आहे ती बाहेरची आहे, रिसीव्हरची नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत, प्रत्येक घरात मोबाइलचे चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर आणि इन्व्हर्टर चालू असताना, ती खाली बसते आणि चांगली धप्पकन बसते.

“पण एफटी८ नॉइजच्या खालचं ऐकतं त्याचं काय?” हा प्रश्न लगेच येतो. ज्या उदाहरणावर डिजिटलची सगळी ख्याती उभी आहे ते हेच, त्यामुळे इथे थोडं थांबायला हवं.

पल्सारवरच्या कामासाठी १९९३ चं नोबेल मिळवणारे जोसेफ टेलर हे स्वतः हॅम. त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये एफटी८ आणलं. ७७ बिटांचा संदेश, त्यावर चुका दुरुस्त करणारा कोड चढवून १७४ बिट, आठ स्वरांत पावणेतेरा सेकंद प्रक्षेपण, एकूण रुंदी ५० हर्ट्झ. त्याची डिकोड होण्याची मर्यादा सुमारे -२१ डीबी सांगतात, आणि ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. पण हे -२१ कशाच्या तुलनेत? २५०० हर्ट्झमधल्या नॉइजच्या तुलनेत. सिग्नल ५० हर्ट्झचा आणि त्याच्यावर नॉइज लादला २५०० हर्ट्झचा! सिग्नलच्या स्वतःच्या रुंदीत हिशेब केला की हाच आकडा -४ होतो. त्यातला एकेक स्वर ज्या ६.२५ हर्ट्झच्या कप्प्यात बसतो त्या कप्प्यापुरतं पाहिलं तर +५. नॉइजच्या खाली कुणी गेलेलं नाही. तुलनेची खिडकी मोठी धरली म्हणून आकडा उणे दिसला. कानाने मोर्स घेणारा मुरलेला ऑपरेटरही याच मापाने उणे आकड्यांत वावरतो, कारण कानाचा आपला असा अरुंद फिल्टर असतो आणि तो पाचशे-सहाशे हर्ट्झच्या आसपास शंभरेक हर्ट्झचा आहे.

एफटी८ ची कमाल खरीच आहे, पण तिचं श्रेय रिसीव्हरच्या खात्यात टाकणं चूक. ती कमाई पाठवणाऱ्याने केली: संदेश छोटा ठेवला, कोड चढवला, वेळ घेतला, घड्याळं जुळवली. पुरावा हवा असेल तर १९७० च्या दशकातला ड्रेक आर-४सी घ्या, चांगला तापू द्या आणि त्याच्या हेडफोनच्या जॅकमधून आवाज संगणकाला द्या. एफटी८ व्यवस्थित डिकोड होतं. पुढची सॉफ्टवेअर मंडळी त्या रिसीव्हरला त्याचं वय विचारत नाहीत. मॉड्युलेशनमधली प्रगती आणि रिसीव्हरमधली प्रगती या दोन गोष्टींची गल्लत झाली की पहिला दावा तयार होतो. ती गल्लत काढली की त्यात काही उरत नाही.

दुसरा दावा बिटांचा. एडीसीची कमाल व्याप्ती बिटांमागे सहा डीबी, त्यावर पावणेदोन; सोळा बिटांचे ९८ डीबी, असं सूत्र पाठ्यपुस्तकात असतं. हौशी रिसीव्हरांत फार वापरली गेलेली एलटीसी-२२०८ ही चिप घ्या. नावाला सोळा बिट, पण माहितीपत्रकातला सिग्नल-नॉइज आकडा ७८ डीबीच्या घरातला, म्हणजे कामाला येणारे बिट साडेबारा. ही लबाडी नव्हे, एवढ्या वेगाने नमुने घेणाऱ्या चिपचा तो स्वभाव आहे. मग अरुंद फिल्टरिंगमुळे भर पडते. १२२.८८ मेगाहर्ट्झने नमुने घेतले तर नॉइज ६१.४४ मेगाहर्ट्झमध्ये पसरतो. त्यातली २४०० हर्ट्झची फटच आपण ऐकतो, तेव्हा ४४ डीबी पदरात पडतात. एकूण १२२. हा आकडा सुंदर आहे आणि इथवर पूर्वपक्षाचं मला पटतं.

पण तो आकडा कुठून कुठवर आहे ते बघा. चिपची कमाल पातळी ५० ओहममध्ये सुमारे +११ डीबीएम. तिथून १२२ खाली म्हणजे तळ -१११. चाळीस मीटरवर, बँडचा नॉइज -९१ असताना, उत्तम. दहा मीटरवर, शांत जागी, आकाशगंगेचा नॉइज -१२१ च्या आसपास येतो. तो ऐकायचा तर एडीसीच्या आधी वीसेक डीबीचा प्रीअँप लावावा लागतो. प्रीअँप लावला की तळ खाली गेला खरा, पण अँटेनापाशी मोजलेलं छतही वीस डीबीने खाली आलं: +११ चं -९. हा प्रीअँप ॲनालॉग आहे. तो कधी लावायचा, किती लावायचा आणि त्याच्यापुढे कुठला फिल्टर ठेवायचा, हा शंभर वर्षांचा जुना सौदा जिथल्या तिथेच आहे.

छत फुटतं तेव्हा काय होतं हे आपल्याकडे कुठल्याही मोठ्या आकाशवाणी केंद्राच्या आसपास राहणाऱ्याला ठाऊक असतं. १०० किलोवॅटच्या मध्यमलहरी प्रक्षेपकापासून ५ किलोमीटरवर, जमिनीतली तूट बाजूला ठेवली तर, क्षेत्र अर्ध्या व्होल्ट प्रति मीटरच्या वर असतं. एडीसी पेलतो जेमतेम ०.८ व्होल्ट, तेही आरएमएस. नागपूरचं १५६६ किलोहर्ट्झवरचं केंद्र तर १००० किलोवॅटचं होतं. तिथे हा आकडा आणखी तिपटीने. तुम्हाला ऐकायचं असतं ७ मेगाहर्ट्झवरचं कुजबुजणं, पण एडीसीला बँड कळत नाहीत. त्याच्यापर्यंत येतो तो एकच व्होल्टेज, सगळ्या स्टेशनांची बेरीज झालेला. तो कापला गेला की बँडभर भुतं उठतात. आयसी-७३०० च्या पडद्यावर अशा वेळी ‘ओव्हीएफ’ ही लाल खूण उमटते आणि त्यावर प्रोसेसरकडे काहीच उपाय नसतो; हातानेच आरएफ गेन उतरवायचा किंवा ॲटेन्युएटर लावायचा. खरा उपाय दोन-तीन कॉइल आणि चार कपॅसिटरांचा हायपास फिल्टर, अँटेना आणि रिग यांच्या मध्ये.

स्वस्त डोंगलमध्ये आठच बिट असतात, म्हणजे एकूण २५६ पायऱ्या. त्याला गच्चीवरची लांब तार जोडून ‘बँड किती गजबजलाय’ असं सांगणारे भेटतात. निम्मी गर्दी त्या डोंगलनेच जन्माला घातलेली असते.

दुसरं उदाहरण याहून मजेदार. नमुने १२२.८८ ने घेतले तर ६१.४४ च्या वरचं सगळं घडी घातल्यासारखं खाली दुमडतं. मुंबईत ९३.५ मेगाहर्ट्झवर एफएम चालतं. १२२.८८ मधून ९३.५ वजा करा: २९.३८. म्हणजे ऐन दहा मीटर बँडात. एडीसीच्या आधी लो-पास फिल्टर नसेल तर ते स्टेशन तिथे येऊन बसेल आणि एकदा नमुन्यांत मिसळलं की ते २९.३८ वरचं खरं की ९३.५ वरचं दुमडलेलं, हे जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला सांगता येणार नाही. माहिती तिथेच संपली. म्हणून प्रत्येक शहाण्या डायरेक्ट सॅम्पलिंग रिसीव्हरच्या तोंडाशी ॲनालॉग फिल्टरांची रांग असते. आयसी-७३०० मध्ये बँडपास फिल्टर पंधरा आहेत. ‘अँटेना थेट एडीसीला’ हे वाक्य जाहिरातीतलं; डबा उघडला की कॉइली दिसतात.

इथे एक गोष्ट मात्र डिजिटलच्या पदरात घालायला हवी. रॉब शेरवूड यांनी १९७७ साली ‘हॅम रेडिओ’ मासिकात दाखवून दिलं, की ज्या रिसीव्हरची मोजमापं वीस किलोहर्ट्झवरच्या शेजाऱ्यासाठी झकास असतात तेच दोन किलोहर्ट्झवरच्या शेजाऱ्यापुढे कोलमडतात, कारण पहिल्या आयएफमधला रूफिंग फिल्टर रुंद असतो. वर ज्याचं कौतुक केलं त्या आर-४सी चाही हाच रोग होता. तिथे ८ किलोहर्ट्झच्या जागी ६०० हर्ट्झचा फिल्टर बसवून तो बरा करण्यात आला. डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये हा रोगच नाही. दोन किलोहर्ट्झवरचा दांडगा आणि दोन मेगाहर्ट्झवरचा दांडगा एडीसीला सारखेच. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी: सुपरहेट, म्हणजे मिक्सरने आधी फ्रीक्वेन्सी बदलून घेणारा जुन्या घडणीचा रिसीव्हर, लांबच्या दांडग्याला फिल्टरच्या दारातच अडवतो, एडीसी नाही अडवत. म्हणून यासूने २०१९ च्या एफटीडीएक्स-१०१ मध्ये पडद्यावरच्या चित्रासाठी थेट सॅम्पलिंग आणि कानासाठी अरुंद रूफिंग फिल्टरचा सुपरहेट, अशी दुहेरी मांडणी केली. शेरवूड आजवर जी तुलनेची यादी चालवत आले तिच्या वरच्या ओळींत दोन्ही घराण्यांचे रिग शेजारी शेजारी आहेत. वर्चस्व सिद्ध झालं असतं तर असं चित्र दिसलं नसतं. आणि या सगळ्याच रिगांत एडीसी आहे. प्रश्न असतो तो त्याला साखळीत कुठे बसवायचं, अँटेनाच्या किती जवळ, याचा.

तिसरा दावा नॉइज रिडक्शनचा. यावर लोकांची सर्वांत जास्त श्रद्धा आहे, कारण बटण दाबलं की फरक कानाला लगेच जाणवतो. खरखर मावळते, माणूस जणू शेजारच्या खोलीतून बोलतो. या बटणाच्या मागे बहुतेक वेळा विड्रो आणि हॉफ यांची १९६० ची एलएमएस पद्धत किंवा तिची नातवंडं असतात. ती पद्धत मागच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना ओळखू पाहते. ओळखता आला तो स्वर, नाही आला तो कचरा. शिट्टीसारखी कॅरियर पकडायला याहून चांगलं हत्यार नाही. ऑटो-नॉच हे डीएसपीने हॅमला दिलेलं निर्भेळ दान आहे. (तेच चालू ठेवून कुणी मोर्स ऐकू पाहिला तर सिग्नलच गायब होतो आणि मग बँड मेलाय अशी तक्रार येते.)

बोलण्याचं तसं नाही. ते अर्धं स्वर, अर्धं सुसकारे. श, स, फ, ख हे उच्चार गणिताला नॉइजसारखेच दिसतात. यी हू आणि फिलिपोस लोइझू यांनी २००७ मध्ये एका मायक्रोफोनवर चालणाऱ्या नॉइज रिडक्शनच्या निरनिराळ्या पद्धती ऐकणाऱ्यांवर पारखल्या, तेव्हा आवाज सुखद वाटणं आणि शब्द कळणं या दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या. एखादा अपवाद वगळता शब्द कळण्यात ठळक वाढ झाली नाही. माहितीशास्त्रात याला प्रमेयाचा आधार आहे: प्रक्रियेने माहिती टिकते किंवा घटते, वाढत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? नॉइज रिडक्शनचा एक उपयोग मी आनंदाने मान्य करतो. अठ्ठेचाळीस तासांच्या कॉन्टेस्टमध्ये कान शिणत नाहीत, आणि न शिणलेला कान अधिक ऐकतो. पण तो फायदा ऑपरेटरच्या अंगातला आहे, सिग्नलमधला नव्हे.

यावर आता नवा युक्तिवाद येतो: न्यूरल नेटवर्क. लाखो तासांचं बोलणं ऐकून तयार झालेलं जाळं शब्द भरून काढतं, आणि ऐकायला कमी येणाऱ्यांसाठी त्याने खरोखर चांगले निकाल दिले आहेत. मात्र ते जे भरून काढतं ते भाषेच्या सवयीतून. हॅमच्या संभाषणात महत्त्वाचा असतो कॉलसाइन, आणि कॉलसाइनला भाषेची सवय नसते. मोर्समध्ये ‘एस’ म्हणजे तीन ठिपके, ‘एच’ म्हणजे चार. एक ठिपका नॉइजमध्ये बुडाला, तर तो होता की नव्हता याचा अंदाज करणारं यंत्र मला नको आहे. मला ‘पुन्हा सांगा’ म्हणायचं आहे.

खरखर कमी करायचा रस्ता कुठे आहे? बहुतेक वेळा तो रिगच्या मागच्या बाजूला असतो. फीडलाइनवर फेराइटचा चोक चढवला की केबलच्या बाहेरच्या आवरणावरून घरातला कचरा अँटेनात जाणं थांबतं. अँटेना इमारतीपासून दूर नेली, लूप योग्य दिशेला फिरवली की सिग्नल-नॉइजचं प्रमाण खऱ्या अर्थाने सुधारतं, कारण इथे एडीसीच्या आधीच निवड होते. शेजारच्या दोषी चार्जरचा शोध लावून तो बदलून दिला तर त्याहूनही. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही.

हे सारं वाचून एक वर्ग आतापर्यंत मान डोलवत असेल. त्या वर्गाचं म्हणणं, ‘आम्ही सांगत होतोच. ॲनालॉगचा आवाज जिवंत, डिजिटलचा मेलेला.’ त्यांचीही सोबत मला नको. जुन्या रिसीव्हरची जी ‘ऊब’ सांगतात तिच्यात ऑडिओ ट्रान्सफॉर्मरची विकृती आणि स्पीकरच्या लाकडी पेटीचा वाटा बराच असतो. डिजिटल फिल्टर घंटेसारखे वाजतात ही तक्रार तर चुकीच्या दारावर केलेली आहे. ५० हर्ट्झचा फिल्टर क्रिस्टलचा असो की कोडचा, तो वाजणारच, कारण अरुंदपणा आणि वेळ यांचा व्यस्त संबंध आहे. खरं तर सरळ-फेज डिजिटल फिल्टर त्याच रुंदीच्या क्रिस्टल फिल्टरपेक्षा कमी त्रास देतो. १९८० च्या दशकातले सिंथेसायझर लावलेले ‘सोन्याच्या काळातले’ रिग घ्या: त्यांच्या ऑसिलेटरचा फेज नॉइज इतका, की शेजारच्या बलवान सिग्नलची किनार खिडकीत सांडून आत खरखर भरते. थेट सॅम्पलिंगमधलं एकच, स्थिर क्रिस्टल घड्याळ या बाबतीत त्यांच्या मैलभर पुढे आहे. आणि बँडवरच्या सगळ्या सिग्नलांची बेरीज होऊन एडीसी सतत फुटत राहील, ही त्यांची भीतीही फुगवलेली. शेकडो सिग्नलांची शिखरं एकाच क्षणी जुळून येणं दुर्मीळ. उलट ती गर्दी एडीसीच्या पायऱ्यांच्या चुका विस्कटून टाकते. आयकॉमच्या रिगमध्ये ‘आयपी+’ बटण मुद्दाम जे घडवून आणतं, ते गजबजलेला बँड काही अंशी फुकट करतो.

त्यांची एकच तक्रार मला ग्राह्य वाटते, उशिराची. मिनिटाला पंचवीस शब्दांच्या वेगाने मोर्समधला ठिपका ४८ मिलिसेकंदांचा असतो. पन्नास हर्ट्झमध्ये उतरणारी कड असलेला डिजिटल फिल्टर स्वतःच तीसेक मिलिसेकंद घेतो. वर संगणकाचे बफर. ठिपक्यांच्या मधल्या फटीत ऐकण्याची सवय असलेल्या ऑपरेटरला समोरच्याने मध्येच तोंड घातलं तर ते ठिपका सरून गेल्यावर कळतं. हा दोष सुधारता येतो, फिल्टर बदलून आणि संगणकाऐवजी रिगमध्येच गणित करून, पण तो काल्पनिक नाही.

मग डीएसपी नेमकं कुठे जिंकलं? निवडकतेत. १९३२ मध्ये जेम्स लँब यांनी क्रिस्टल फिल्टर लावून ‘सिंगल-सिग्नल’ सुपरहेट दाखवला तेव्हापासून चांगला फिल्टर ही पैशाची आणि नशिबाची गोष्ट होती. फेजिंग पद्धतीत एका अंशाची चूक झाली की नको असलेल्या साइडबँडचं दमन ४१ डीबीवर अडकतं, आणि तापमान बदललं की तो एक अंशही हातातून निसटतो. गणितात कोन सरकत नाही. आपल्याकडे याचं मोल आणखी जास्त. हैदराबादच्या अशर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीला बिटएक्स-२० आणला तेव्हा साध्या दुकानात मिळणाऱ्या सुट्या भागांतून ट्रान्सीव्हर बनवायचा हा हट्ट होता. कॉइलच्या गाभ्याला नळाचे वॉशर चालायचे. फिल्टरसाठी लॅमिंग्टन रोडवरून १० मेगाहर्ट्झचे मूठभर क्रिस्टल आणायचे, प्रत्येकाची फ्रीक्वेन्सी मोजायची, जवळजवळचे निवडून बाकीचे डब्यात टाकायचे. हे ज्याने केलंय त्याला कोडच्या एका ओळीत फिल्टरची रुंदी बदलण्याचं सुख समजावून सांगावं लागत नाही. त्याच फरहानांच्या पुढच्या एसबिटएक्समध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे. आणि त्याच्या अलीकडे, अँटेनाच्या बाजूला? सुपरहेट, क्रिस्टल फिल्टरसकट. सुट्या भागांवर आयुष्य घालवलेल्या माणसाने डिजिटलला कुठून कुठवर बोलवायचं ते बरोबर ओळखलं.

दुसरा विजय फारसा बोलला जात नाही: दोन अँटेना. एकाच घड्याळावर चालणाऱ्या दोन एडीसींना दोन अँटेना जोडल्या, तर गणिताने त्यांची फेज जुळवून एका दिशेचा कचरा खड्ड्यात घालता येतो. हे ॲनालॉग डब्यांनीही होत होतं, पण नॉब फिरवत बसावं लागे आणि फ्रीक्वेन्सी बदलली की पुन्हा पहिल्यापासून. इथे डीएसपी खरंच नवं काही ऐकवतं, कारण त्याला एका तारेत नसलेली माहिती दुसऱ्या तारेने दिली. पूर्वपक्षाने हे उदाहरण पुढे केलं असतं तर मला जास्त विचार करावा लागला असता.

चंद्रावरून सिग्नल परतवून बोलणाऱ्यांकडे, म्हणजे ईएमईवाल्यांकडे पाहिलं की पूर्वपक्षाची शेवटची गढीही पडते. डिजिटलमधून यांच्याइतकं कुणी पिळून काढत नाही. टेलरांनी २००३ मध्ये जेटी६५ या कामासाठीच आणलं. १४४ मेगाहर्ट्झच्या वर आकाश शांत असतं, चाळीस मीटरवरचा हिशेब उलटतो, आणि रिसीव्हरचा नॉइज खरोखर आड येऊ लागतो. मग हे लोक करतात काय? लो-नॉइज प्रीअँप रिगपाशी न ठेवता मास्टवर, अँटेनाच्या टोकाशी टांगतात, पावसात भिजू नये म्हणून डबीत बंद करतात, आणि तिथवर जाणाऱ्या केबलचा एकेक फूट वाचवतात. कारण प्रीअँपच्या आधी केबलमध्ये गेलेला १ डीबी नॉइज फिगरमध्ये पुरा १ डीबी म्हणूनच जमा होतो, आणि ज्या डिकोडरची सारी दुनिया तारीफ करते त्यातून त्यांना तो परत मिळत नाही.